सहा मिनिटांची गच्ची

मुंबईत तारे दिसत नाहीत ही तक्रार खरी आहे. आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून बऱ्या रात्री पंधरावीस दिसतात. त्यातले एकदोन ग्रह असतात आणि एखादं उतरणारं विमान. पण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला ही तक्रार लागू नाही. ते इतकं लख्ख असतं की हायवेचे पांढरे दिवे, समोरच्या अर्धवट टॉवरवरचा हॅलोजन आणि हवेतली धूळ, कशालाही न जुमानता दिसतं. त्याला अंधार लागत नाही. लागते ती वेळ आणि गच्चीची किल्ली. वेळ नासा फुकट सांगते. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते.

हे खूळ आमच्या घरात शिरलं ते 2025 च्या जूनमध्ये. 25 जूनला शुभांशू शुक्ला अ‍ॅक्सिअम-4 मोहिमेतून निघाले आणि दुसऱ्या दिवशी स्थानकावर पोचले. 1984 मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत सोयूझ यानातून सॅल्यूत-7 या स्थानकावर गेले होते. त्यानंतर 41 वर्षांनी अवकाशात गेलेला हा दुसरा भारतीय अंतराळवीर, आणि आंतरराष्ट्रीय स्थानकावर पाऊल ठेवणारा पहिलाच. टीव्हीवर सगळं बघून झाल्यावर धाकटीनं विचारलं, “ते आपल्या बिल्डिंगवरून जातात का?”

जातात. दिवसातून चारपाच वेळा ते मुंबईच्या क्षितिजावर कुठे ना कुठे डोकं काढतं. पण त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच मुंबईत येऊन बसला होता. नासाचं ‘स्पॉट द स्टेशन’ अ‍ॅप फोनवर घेतलं, त्यात मुंबई टाकली, आणि मग पहाटे, संध्याकाळी इमानेइतबारे ‘आता वर पाहा’ अशा सूचना यायला लागल्या. वर पाहिलं की ढग. शुक्ला अठरा दिवस वर राहिले, प्रयोग केले, शाळेच्या मुलांशी बोलले, 15 जुलैला कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरलेही. तेवढ्या दिवसांत विक्रोळीच्या आकाशात एक चांदणी दिसली नाही. धाकटी हिरमुसली. थोरला अकरावीत, त्याच्या मते व्हिडिओत जास्त चांगलं दिसतं.

पावसाळ्याचा एक फायदा झाला. वर बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून आम्ही तक्ता वाचायला शिकलो. अ‍ॅपपेक्षा मला ‘हेवन्स-अबव्ह’ ही वेबसाइट आवडली, कारण ती बाण दाखवून पळवत नाही. तिथे आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश टाकले की पुढच्या दहा दिवसांचा तक्ता मिळतो: कुठल्या दिशेला उगवेल, सर्वांत वर कधी आणि किती अंशांवर येईल, कुठे मावळेल, आणि किती तेजस्वी असेल. तेजस्वितेचा आकडा जितका कमी तितकं तेज जास्त. उणे तीनच्या पुढे गेला तर शुक्राच्या जवळपासचं तेज, चष्मा विसरलात तरी दिसेल.

अंश मोजायला काही विकत घ्यावं लागत नाही. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, आणि ताणलेली वीत वीस अंश. हे लहान मुलांनाही जमतं, कारण त्यांचा हात आखूड असला तरी मूठही लहान असते. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जवळजवळ एका वितीवर. तो शोधायला धाकटी पुढे कितीतरी संध्याकाळी ठाण्याच्या दिशेला वीत धरून उभी राहिली. तिथे धुरकट पांढऱ्या उजेडाशिवाय काही नसतं. ध्रुव अढळ असेल, पण मुंबईत तो बहुधा गैरहजर असतो.

चारपाच फेऱ्यांपैकी एखादीच का दिसते, हेही तेव्हाच समजून घेतलं. स्थानकाला स्वतःचा उजेड असा नाही. त्याच्या सौर पंखांवर आणि अंगावर पडलेलं ऊन आपल्याला दिसतं. म्हणजे आपल्याकडे अंधार हवा आणि चारशे किलोमीटर वर ऊन हवं. असा मेळ सूर्यास्तानंतरच्या दीडदोन तासांत किंवा सूर्योदयाआधीच्या तेवढ्याच वेळात बसतो. भर दुपारी ते डोक्यावरून गेलं तरी पत्ता लागत नाही, आणि मध्यरात्री गेलं तर ते स्वतःच पृथ्वीच्या सावलीत असतं. शिवाय त्याची कक्षा हळूहळू फिरत असते. त्यामुळे काही दिवस संध्याकाळच्या फेऱ्या, मग पूर्ण खाडा, मग काही दिवस पहाटेच्या, असं चक्र चालतं. सलग दिवसांतही वेळ बदलते: आज साडेसात, उद्या पावणेसात, परवा पुन्हा साडेसात असा खेळ. रोज अमुक वाजता असं समजून कोणी गच्चीवर गेलं तर मच्छर तेवढे भेटतील.

आता किल्ली.

आमची बिल्डिंग म्हाडाची, चार मजली, लिफ्ट नसलेली. गच्चीला कुलूप. कारणं जुनी आणि रास्त आहेत. कधीकाळी तिथे पार्ट्या व्हायच्या, बाटल्या सापडायच्या. कठडा एका बाजूला कमरेपेक्षा खाली आहे. आणि वॉटरप्रूफिंगचा खर्च सगळ्यांना आठवतो. मी सेक्रेटरींना सहज विचारलं तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, कारण काय लिहू?” मी म्हटलं, अंतराळ स्थानक. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

संधी कोजागरीला मिळाली. त्या रात्री गच्ची वर्षातून एकदा हक्कानं उघडते. मसाला दूध, भेळ, बायकांची अंताक्षरी, आणि चंद्राकडे कोणी फारसं बघत नाही. मी कमिटीच्या तिघांना एका कोपऱ्यात गाठलं आणि हातात तक्ता ठेवला. फक्त सहा मिनिटांचं काम आहे, मुलांबरोबर मोठं माणूस असेल, खाली यायच्या आधी कुलूप मी लावीन. खजिनदारांनी विचारलं, “दिसलं नाही तर?” हा प्रश्न परवानगीशी कसा जोडलेला होता ते मला कळलं नाही, पण मी वेळेची खात्री दिली. शेवटी ठरलं की अर्ज लिहून द्यायचा, वॉचमनकडच्या रजिस्टरात सही करून किल्ली घ्यायची, अर्ध्या तासात परत करायची. त्या रजिस्टरात ‘टाकी सफाई’, ‘डिश दुरुस्ती’, ‘केबल’ यांच्या खाली ‘अंतराळ स्थानक’ असं वॉचमनच्या अक्षरात लिहिलेलं आहे. तसा पुरावा नासाकडेही नसेल.

फेरी निवडण्यातही अक्कल लागते. आमच्या पश्चिमेला हायवे आणि त्यापलीकडे पवईचे टॉवर, दक्षिणेला पुनर्विकासात वर वर चढणाऱ्या इमारती. वीस अंशांच्या खाली काही दिसत नाही. मोकळी बाजू एकच, पूर्वेची: खारफुटी, ठाण्याची खाडी, पलीकडे ऐरोली-घणसोलीचे दिवे. म्हणून मी साठ अंशांच्या वर चढणारीच फेरी घ्यायची असं ठरवलं. तशी फेरी नेहमी येत नाही, पण पहिल्यांदा दाखवताना कंजूषपणा करू नये. एकदा नीट दिसलं की माणूस पुढे कठड्याला टेकून तीस अंशांवरचंही शोधतो.

ऑक्टोबर संपत आला होता. पावसानं हवा धुऊन काढलेली असते आणि हिवाळ्याचं धुरकं अजून बसलेलं नसतं, असे थोडे दिवस मुंबईला मिळतात. फेरी सातनंतर चार मिनिटांनी होती, वायव्येकडून आग्नेयेकडे, जवळजवळ डोक्यावरून. मी पावणेसातला सगळ्यांना वर काढलं. डोळ्यांना अंधाराची सवय होते वगैरे सांगितलं, पण खरं कारण म्हणजे चार जिने चढून सासूबाईंना दम घ्यायला वेळ हवा होता. सासरे प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. नवरा कामावरून परस्पर. थोरला ‘बघू तरी’ म्हणत. शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, त्यांची नातवंडं, आणि ‘आम्ही फक्त हवा खायला आलोय’ असं सांगणारे दोघे.

थांबताना जे तारे होते त्यांची ओळख करून दिली. वायव्येला बऱ्यापैकी वर अभिजित, जवळजवळ डोक्यावर श्रवण, उत्तरेला हंसाचं शेपूट, आणि पूर्व-आग्नेयेला न लुकलुकणारा पिवळट शनी. एवढ्यावर आमचं आकाश संपतं. दक्षिणेकडे घाटकोपरच्या अंगानं विमानं एकामागून एक उतरत होती आणि प्रत्येक विमानाला कोणी ना कोणी “ते बघ!” म्हणत होतं. मी नियम सांगितला: लाल-हिरवा दिवा मिचकावत असेल तर विमान. स्थानक मिचकावत नाही, आवाज करत नाही, आणि कायम पश्चिमेकडच्या बाजूनं पूर्वेकडे जातं, कारण ते पृथ्वीच्या फिरण्याच्याच दिशेनं सोडलेलं आहे.

सात वाजून चार मिनिटं. काही नाही. हवा खायला आलेल्यांपैकी एक म्हणाले, “लेट आहे वाटतं.” लेट नव्हतं. टॉवरच्या मागे होतं. पाऊण मिनिटानं ते पाण्याच्या टाकीच्या वर आलं आणि मग कोणाला दाखवावं लागलं नाही.

पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण एकच गोष्ट बोलतो: एवढं मोठं? मोठं म्हणजे लांबी 109 मीटर, वजन 400 टनांच्या वर, पण डोळ्याला तो एक ठिपकाच असतो. फक्त त्या ठिपक्याचं चालणं वेगळं असतं. उल्का झरकन जाते, विमान रेंगाळतं, याची चाल या दोन्हींच्या मधली, आणि कुठेही अडखळत नाही. अभिजितच्या जवळून गेलं तेव्हा अभिजित फिका पडला. माथ्यावर आलं तेव्हा ते आमच्यापासून साधारण 420 किलोमीटरवर होतं, म्हणजे इथून पणजी सरळ रेषेत जितकी लांब आहे तितकंच, फक्त वरच्या दिशेनं. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून जास्त. चर्चगेट ते विरार अंतर ते आठ सेकंदांत कापतं. हे मी ओरडून सांगितलं आणि पहिल्यांदा थोरल्यानं फोन खिशात ठेवला.

मग ते शनीच्या उजवीकडे उतरायला लागलं आणि मध्येच, आग्नेयेचं आकाश अजून पुष्कळ बाकी असताना, तांबूस झालं, मंदावलं, आणि गेलं. ढग नव्हता. इमारत नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो हाच क्षण, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हा पाठ फिरवून जिन्याकडे निघालेले असतात. ते स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. आतल्या सात जणांसाठी तो सूर्यास्त असतो. दीड तासात एक प्रदक्षिणा, म्हणून दिवसातून सोळा सूर्यास्त, त्यातला एक आपण खालून पाहिलेला. सावलीत शिरताना सूर्याचा उजेड पृथ्वीच्या वातावरणातून गाळून त्याच्यावर पडतो, म्हणून तो तांबूसपणा. जी सावली एरवी चंद्रग्रहणात दिसते ती कुठल्याही साध्या मंगळवारी आपल्या डोक्यावर कुठून सुरू होते हे दाखवून देणारी दुसरी सोय माझ्या माहितीत नाही. पहाटेच्या फेरीत उलटं घडतं. रिकाम्या आकाशात ते अचानक पेटतं. त्यासाठी तक्त्यात उगवण्याची उंची बघायची: दहा अंश असेल तर क्षितिजावरून येईल, चाळीस असेल तर सावलीतून बाहेर पडेल, म्हणजे नजर आधीच तिथे लावून ठेवायची.

सासऱ्यांनी खुर्चीतून विचारलं, “पडणार नाही ना?” त्यांच्या प्रश्नाला पूर्वपीठिका आहे. 1979 च्या जुलैमध्ये अमेरिकेची स्कायलॅब पडणार होती तेव्हा ते संगमेश्वराकडच्या गावी होते. कुठे पडेल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. गावात लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, उधाऱ्या थांबल्या, एका घरात तर लग्न लवकर उरकलं, असं ते सांगतात. शेवटी 11 जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. “कोंबड्या मात्र गेल्या,” असं म्हणून ते दर वेळी गोष्ट संपवतात. मी सांगितलं, हेही कधीतरी खाली आणायचंच आहे, पण ढकलून, ठरवून, 2030 नंतर पॅसिफिकच्या निर्जन भागात. तोवर अधूनमधून इंजिनं चालवून त्याला वर उचलत राहतात, कारण तिथेही नावापुरती हवा आहे आणि ती त्याला खाली ओढत असते. म्हणूनच जुना तक्ता चालत नाही. कक्षा उचलली की वेळा सरकतात, आणि फेरीच्या आदल्या दिवशी तक्ता पुन्हा उघडून पाहावा लागतो.

नकाशाचा खेळ थोरल्यानं शोधला. दहा अंशांवर असताना स्थानक आपल्यापासून जवळपास 1500 किलोमीटर लांब असतं. मग वायव्येला ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा कुणाच्या डोक्यावर असतं? बलुचिस्तानच्या. आग्नेयेला मावळताना? श्रीलंकेच्या उत्तर भागात. दुसऱ्या वाटेनं, म्हणजे नैर्ऋत्येकडून आलं, तर अरबी समुद्रावर उगवतं आणि नेपाळवर मावळतं. सहा मिनिटांत. त्यानं हे वहीत रेघा मारून काढलं, आणि अभ्यासाच्या नावाखाली नंतरही बरंच काही काढत राहिला. मग फोटोंचं वेड. फोन विटेला टेकवून, शटर दहा सेकंद उघडं ठेवून, हात न लावता टायमरवर. विक्रोळीत आकाश त्यात दुधाळ नारिंगी येतं, पण त्यातून एक सरळ पांढरी रेघ जाते. दुर्बीण मात्र इथे उपयोगाची नाही. हातातल्या साध्या दुर्बिणीतून तोच ठिपका जरा जास्त प्रखर दिसतो, पंख वगैरे काही नाही, आणि त्याच्या मागे पळण्यात सहा मिनिटं जातात.

2 नोव्हेंबरला स्थानकावर सलग माणसं असण्याला 25 वर्षं झाली. 2000 सालच्या त्या दिवसापासून एकही दिवस ते रिकामं राहिलेलं नाही. हे मी गच्चीवर सांगितलं तेव्हा काकूंनी पटकन हिशेब केला. त्यांच्या थोरल्या सुनेचा जन्म त्याच्या आदल्या वर्षीचा. म्हणजे सुनेला कळायला लागल्यापासून वर कायम कोणीतरी आहे. “आणि आपण कधी बघितलंच नाही,” काकू म्हणाल्या, जणू शेजाऱ्यांकडे जायचं राहून गेलं होतं.

पुढे मंडळी वाढली आणि मागण्याही. चीनचं तिआनगाँग हे स्थानक पाहिलं. ते लहान, तीन मुख्य भागांचं, त्यामुळे जरा मंद, पण वर चढलं तर विक्रोळीतूनही स्वच्छ दिसतं. त्याची कक्षा विषुववृत्ताशी कमी कललेली आहे, म्हणून ते आमच्या आकाशात जास्त आडवं जातं. वाट बघून दोन्हींतला फरक धाकटी न चुकता सांगते. इंटरनेट पुरवणारे स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यावर पहिले काही दिवस एका ओळीत जातात. ती ओळ एकदा दिसली आणि त्या रात्री बिल्डिंगच्या ग्रुपवर क्षेपणास्त्रापासून परग्रहवासीयांपर्यंत सगळं येऊन गेलं. त्या ओळीबद्दल माझं मत बरं नाही. आधीच दिव्यांनी खाल्लेल्या आकाशात आणखी हजारो ठिपके कशाला, असं मला वाटतं. थोरल्याला वाटत नाही, त्याला गावी रेंज हवी असते.

हबल दुर्बीण हा मात्र मुंबईकराचा खास हक्क आहे आणि तो फार जण बजावत नाहीत. 1990 पासून फिरणाऱ्या या दुर्बिणीची कक्षा विषुववृत्ताशी फक्त साडेअठ्ठावीस अंशांनी कललेली. लंडनमधून ती क्षितिजाच्या वर येतच नाही. मुंबईतून ती डोक्यावरून जाते. मंद असते, साध्या ताऱ्याएवढी, त्यामुळे इथे हातातली दुर्बीण कामाला येते: हबल ज्या ताऱ्याजवळून जाणार असेल त्याच्यावर आधीच रोखून धरायची आणि वाट पाहायची. मला ती दिसली तेव्हा गच्चीवर माझ्याखेरीज फक्त वॉचमन होता. त्याला दाखवली. त्यानं विचारलं, “मॅडम, यात माणसं आहेत?” नाहीत म्हटल्यावर त्याचा रस संपला. माणसं असण्यानं फरक पडतो, हे मी इतरांतही पाहिलं.

डिसेंबरात आम्ही एक रात्र वांगणीला काढली. कर्जत लोकलनं बदलापूरच्या पुढचं स्टेशन. खगोल मंडळाचे लोक तिथे वर्षानुवर्षं रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आले आहेत. बदलापूरचे दिवे आता तिथवर चढत आलेत, तरी विक्रोळीहून गेलेल्याला ते आकाश भरगच्चच वाटतं. आणि तिथे आमच्या घरातला तज्ज्ञ बदलला. सासूबाई माण तालुक्यातल्या. लहानपणी ज्वारीच्या राखणीला शेतात झोपलेल्या. मृग नक्षत्र वर आलं तसं त्यांनी त्याच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “हे तिकांडं. हे माथ्यावर आलं की मध्यान्रात. घड्याळ कुठं होतं आमाला.” घड्याळात पाहिलं तर पंधरावीस मिनिटांचाच फरक. व्याध, रोहिणी, कृत्तिकांचा पुंजका, पुनर्वसूजवळचा गुरू, खाली दक्षिणेला अगस्त्य, हे आम्ही अ‍ॅपवर ताडून घेत होतो आणि त्या नुसत्या बघत होत्या. पहाटे ईशान्येला सप्तर्षी चढले तेव्हा त्यांनी धाकटीला म्हातारीच्या बाजेची गोष्ट सांगितली. चार ताऱ्यांची बाज, तिचे खूर चांदीचे. मागे तीन तारे म्हणजे तीन चोर, बाज पळवायला टपलेले. म्हातारीला म्हणून झोप नाही. चाळीस वर्षं मुंबईत राहून त्यांना ही गोष्ट सांगायला जागाच मिळाली नव्हती, कारण बाज दाखवता येत नव्हती.

परतल्यावर जानेवारीत पहाटेच्या फेऱ्या लागल्या. मला वाटलं होतं पाच वाजता कोण येतंय. पण आमच्याकडे पालिकेचं पाणी पहाटे येतं, त्यामुळे निम्मी बिल्डिंग तेव्हा जागीच असते, विशेषतः बायका. पिंप नळाखाली लावायचं आणि वर यायचं. संध्याकाळी ‘कुकर लावलाय’ म्हणून न येणाऱ्या कितीतरी जणी पहाटे पहिल्यांदा आल्या, शाल गुंडाळून. सावलीतून ते एकदम पेटलं तेव्हा एकीनं हात जोडले, दुसरीनं तिला कोपर मारलं, “अगं, त्यात रशियन आहेत.” पहिली म्हणाली, “असू देत.” हात काही तिनं खाली घेतले नाहीत. मी या वादात पडले नाही.

हिवाळ्यात मुंबईची हवा जड होते. तीस अंशांच्या खालचं सगळं धुरक्यात जातं आणि चांगल्या फेऱ्यांची संख्या घटते. फेब्रुवारीनंतर वारा वाढला की पुन्हा बरं. मे अखेरपर्यंतच खरा हंगाम, मग चार महिने सुट्टी. या वेळापत्रकात मुलांची परीक्षा येते, तीही सांभाळावी लागते. सहा मिनिटांची सुट्टी मागून अर्धा तास वर राहण्याची कला दोघांनी आत्मसात केली आहे.

अर्ज देण्याची गरज आता उरलेली नाही. सेक्रेटरी स्वतः विचारतात, “वहिनी, या आठवड्यात आहे का काही?” त्यांच्या सुचवण्यावरून मी तक्त्यातल्या चांगल्या फेऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून खालच्या नोटीस बोर्डावर लावते: वार, वेळ, कुठून कुठे, किती उंच. मागच्या खेपेला कागद टाकी सफाईच्या नोटिसीशेजारी लागला. संध्याकाळी पाहिलं तर माझ्या ‘पहाटे 5.12, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे’ याच्या खाली कोणीतरी बॉलपेननं लिहून ठेवलं होतं: ‘त्या दिवशी पाणी येणार का?’